चर्चच्या मुलांच्या वर्गात बटणांचे खेळ आणि हस्तकला

अमरावती-अकोल्याकडच्या बहुतेक घरांत शिवणकामाची एक डबी असते. पूर्वी ती पावडरची किंवा बिस्किटांची असे, आता आइस्क्रीमची असते. तिच्यात तुटलेली बटणे, हुक, संपत आलेली रिळे आणि एखादी गंजलेली सुई असा सगळा पसारा पडलेला असतो. जुना शर्ट फडके होण्याआधी आजी त्याची बटणे काढून याच डबीत टाकते. ती कधीतरी लागतील म्हणून ठेवलेली असतात आणि सहसा लागत नाहीत.

चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गाला, म्हणजे संडे स्कूलला, आणि मे महिन्यातल्या सुटीच्या बायबल शिबिराला ही डबी फार उपयोगी पडते. बटणे फुकट मिळतात, धुता येतात, वर्षानुवर्षे टिकतात आणि रंगीत असल्यामुळे मुलांना हाताळावीशी वाटतात. मोजणे, लपवणे, शोधणे, ओवणे, शिवणे, टिचकीने उडवणे, सगळे त्यांच्यावर करता येते. मात्र बटण लहान असते आणि लहान मूल हातातली लहान वस्तू आधी तोंडात घालते. म्हणून बटणांचा वर्ग घेणाऱ्याने एक नियम पक्का करावा: बटणे मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची. पुढे दिलेला मुख्य खेळही याच नियमावर उभा आहे.

वऱ्हाडातले संडे स्कूल

संडे स्कूलची सुरुवात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरातली मानली जाते. तिथे 1780 मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी, आठवडाभर कामाला जाणाऱ्या मुलांना रविवारी लिहा-वाचायला शिकवण्यासाठी शाळा काढली. म्हणजे मूळ काम अक्षरओळखीचे होते, त्यासाठी वाचायचे पुस्तक बायबल होते. भारतात या शाळांची मध्यवर्ती संघटना, इंडिया संडे स्कूल युनियन, 1876 मध्ये स्थापन झाली. त्याआधीच 1873 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले होते.

वऱ्हाडात वेगवेगळ्या मिशनांनी वेगवेगळे भाग धरले. अकोला हे अलायन्स मिशनचे जुने केंद्र. तिथे काम केलेल्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचे पुस्तक 1900 मध्ये प्रसिद्ध झाले. बुलढाणा-वाशिमकडे नाझरीन मंडळी, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, आणि 1955 पासून अमरावती हे कॅथलिक धर्मप्रांताचे ठाणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत ठिकठिकाणच्या मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला आणि लिहिण्या-वाचण्याबरोबर हाताचे कामही शिकवले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त मुलींना शिवण आणि विणकाम शिकवले, हे त्यातले सर्वांना माहीत असलेले उदाहरण. चर्चच्या वर्गात सुई-दोरा असणे ही त्यामुळे नवी गोष्ट नाही.

आजच्या वर्गाचे चित्र साधारण असे असते: चर्चच्या मागची खोली किंवा ओटा, खाली सतरंजी, पाच वर्षांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंतची मुले एकत्र, आणि शिकवणारी कॉलेजमधली ताई किंवा दादा. मोठ्या बहिणीच्या कडेवर दीड वर्षाचे भावंडही आलेले असते. हे कडेवरचे मूल हजेरीपटावर नसते, पण बटणांच्या दिवशी सगळ्यात जास्त लक्ष त्याच्याकडेच द्यावे लागते.

बटणे जमवणे आणि निवडणे

आदल्या रविवारी मुलांना प्रत्येकी पाच-सहा बटणे घरून आणायला सांगितले की एका आठवड्यात डबा भरतो. ओळखीच्या शिंप्याकडे सुटी उरलेली बटणे असतात, मागितली तर तो देतो. कमी पडली तर शिवणसाहित्याच्या दुकानात ग्रोसने मिळतात. एक ग्रोस म्हणजे बारा डझन, 144 नग. प्रत्येक मुलाला दहा दिली तर एका ग्रोसमध्ये चौदा मुलांचा वर्ग होतो आणि चार हाताशी राहतात.

दुकानात बटणाचे माप ‘लाइन’मध्ये सांगतात. 40 लाइन म्हणजे एक इंच. शर्टाचे नेहमीचे बटण 18 लाइनचे, म्हणजे सुमारे 11 मिलिमीटर, आणि कोटाचे 32 लाइनचे, म्हणजे सुमारे 20 मिलिमीटर असते. खेळांसाठी 32 ते 40 लाइनची घ्यावीत. ती हातात नीट येतात, सतरंजीवर दिसतात आणि भोकेही मोठी असतात. शर्टाची बटणे फक्त शिवण्यासाठी ठेवावीत.

घरून आलेली बटणे तशीच मुलांपुढे ओतू नयेत. आधी थाळीत पसरून एका मोठ्या माणसाने निवडावीत, तांदूळ निवडतात तशी. चिरलेली, धारदार कडेची, गंजलेली, हुक आणि टाचण्या बाजूला काढाव्यात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घड्याळाचे सेल शोधावेत. घड्याळ, गाडीची रिमोट किल्ली, वजनकाटा, दिवे लागणारी खेळणी आणि वाजणारी शुभेच्छापत्रे यांत असणारा चपटा, चकचकीत बटण सेल अशा डब्यांत हमखास येऊन पडतो. ओळखायची खूण सोपी आहे: ज्याला भोक नाही आणि मागे कडीही नाही, ते बटण नाही.

बटण सेल गिळला गेला तर तो अन्ननलिकेत अडकून विजेच्या प्रवाहामुळे आतली त्वचा जाळू लागतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, मूल वरून बरे दिसत असले तरी. अशा वेळी उलटी काढायला लावू नये, शौचातून पडेल म्हणून वाट पाहू नये. एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय तडक गाठावे. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय सगळ्यांना ठाऊक असते. वर्ग धारणी-चिखलदऱ्याकडे असेल तर सगळ्यात जवळची अशी सोय कुठे आहे हे आधीच विचारून ठेवावे.

निवडलेली बटणे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, फडक्यावर वाळवून, झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत भरावीत.

आधी वय, मग खेळ

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक चाचणी वापरतात. 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी असते, आणि तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती या वयाला घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची धरतात. ही नळी घरी करता येते: जाड कागदाची पट्टी अशी गुंडाळायची की आतला घेर 10 सेंटीमीटर होईल. कोटाचे सगळ्यात मोठे बटणही तिच्यातून सहज पडते. लहान मुलांसाठी बटणांऐवजी पाण्याच्या बाटलीची झाकणे वापरावीत असे पुष्कळांना सुचते, पण नेहमीच्या बाटलीचे झाकणही साधारण 30 मिलिमीटरचे असते, म्हणजे तेही चालत नाही.

म्हणून कडेवरच्या आणि अगदी लहान मुलांसाठी पुठ्ठ्याची ‘बटणे’ कापावीत, बशीएवढी, मध्ये चार भोके. त्यांना ती खऱ्यापेक्षा जास्त आवडतात. पाच वर्षांच्या आसपासची मुले मोठ्या माणसाशेजारी बसून मोठी बटणे हाताळू शकतात. सुई सातव्या-आठव्या वर्षाच्या पुढे. वस्तू अजून तोंडात घालणारे मूल वयाने मोठे असले तरी त्याला पुठ्ठ्याचीच द्यावीत, आणि ती देताना त्याला वेगळे पाडल्यासारखे वाटणार नाही हे बघावे.

तरीही बटण घशात गेलेच, तर मूल जोराने खोकत असेपर्यंत त्याला खोकू द्यावे. त्याला खोकता, रडता किंवा बोलता येत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. नाही निघाले तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच दाब द्यावेत. हे दोन्ही आळीपाळीने करत राहावे आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावावा. वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर दाब देत नाहीत. त्याला पालथे धरून पाठीवर थापा आणि उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी दाब देतात. दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. नाकात किंवा कानात बटण घातले असेल तर चिमट्याने ओढण्याचा प्रयत्न न करता डॉक्टरांकडे न्यावे. मुले हे लपवतात. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त शेंबूड येऊ लागला की मग घरच्यांना कळते.

हरवलेले दहावे बटण

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या वस्तूंचे तीन दाखले एकापाठोपाठ येतात: शंभरातले एक मेंढरू, दहातले एक नाणे, आणि दोघांतला एक मुलगा. मेंढराच्या आणि उधळ्या पुत्राच्या गोष्टी मुलांना पाठ असतात. मधला नाण्याचा दाखला दोनच ओव्यांएवढा असल्यामुळे घाईत निघून जातो. बटणांसाठी नेमका तोच हवा.

ताईने प्रत्येक मुलाला काड्यापेटीच्या रिकाम्या खोक्यात बटणे द्यावीत. दहा आहेत असे सांगावे आणि मोजून बघायला लावावे. एका मुलाच्या खोक्यात मुद्दाम नऊच ठेवावीत. ते मूल जरा मोठे, चेष्टा सहन करणारे निवडावे, रडवेले होणारे नको. ‘माझ्यात नऊच आहेत’ असा आवाज उठला की गोष्ट सुरू होते.

एका बाईजवळ चांदीची दहा नाणी होती. एक नाणे म्हणजे साधारण दिवसभराची मजुरी. त्यातले एक हरवले. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. इथे मुलांना विचारावे: दिवसा दिवा कशाला? उत्तर त्यांच्याकडूनच येते. मातीचे घर, एक दार, खिडकी नसलेली आतली खोली ज्यांनी आजोळी पाहिली आहे त्यांना सांगावे लागत नाही. सारवलेल्या जमिनीच्या भेगेत पडलेला रुपया केरसुणीने कसा शोधतात हेही कुणीतरी सांगतो. शिकवणाऱ्याने इथे गप्प बसून ऐकावे. गोष्ट मुलांच्या घरात शिरली की तिचे अर्धे काम झाले.

मग खोलीचे दार लोटून, पडदे ओढून अंधार करावा आणि एका मुलाच्या हातात टॉर्च द्यावी. दहावे बटण आधीच लपवून ठेवलेले असते. जागा शिकवणाऱ्याला आणि आणखी एका मोठ्या माणसाला पक्की माहीत असावी, आणि ती मुलाच्या नजरेच्या उंचीवर, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा बाकाच्या टोकावर असावी. कपाटाखाली हात घालावा लागेल अशी जागा नको, वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तिथे विंचू निघू शकतो. शोधणारे एकच मूल, बाकीचे ‘गरम’, ‘थंड’ असे ओरडत राहतात. सापडले की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. दाखल्यातली बाईसुद्धा नाणे सापडल्यावर एकटी बसत नाही, मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते. एवढ्याशा नाण्यासाठी शेजार गोळा करणे हे जरा जास्तच आहे, असे एखादे चुणचुणीत मूल म्हणते. म्हणू द्यावे. दाखल्यात हा जास्तीचा आनंदच महत्त्वाचा आहे.

शेवटी सगळ्यांनी आपापली दहा बटणे मोजून खोक्यात भरून परत द्यायची. खेळाचा भाग म्हणून मुले हे आपणहून काटेकोर करतात. एरवी ‘बटणे परत द्या’ म्हणून ओरडावे लागते, इथे लागत नाही. सुरक्षेचा नियम वेगळा शिकवायची गरज राहत नाही, तो गोष्टीतच बसलेला असतो.

दुसऱ्या दोन गोष्टीही बटणांवर चांगल्या बसतात. देवळाच्या खजिन्यात दोन छोटी नाणी टाकणारी विधवा दाखवायची असेल तर स्टीलचा रिकामा डबा घ्यावा. एकाने कोटाची मूठभर बटणे उंचावरून टाकावीत, दुसऱ्याने शर्टाची दोन. पहिल्याचा खणखणाट होतो, दुसरी पडलेली ऐकूही येत नाहीत. आणि पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातली, शरीर एक पण अवयव अनेक ही कल्पना, वेगवेगळ्या रंगांची बटणे लावलेला एक जुना शर्ट दाखवून लगेच समजते. गळ्याचे बटण तुटले तर खिशाच्या बटणाने काम भागत नाही.

भिंगरी

मुलांना विचारले तर बटणांच्या सगळ्या खेळांत पहिला नंबर भिंगरीचा. ही कुणा चर्चची किंवा शाळेची नाही, गल्लीतलीच आहे. पूर्वी सोड्याच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण ठोकून चपटे करून, त्याला खिळ्याने दोन भोके पाडून ती करत. त्या झाकणाची कडा बोट कापते, कोटाचे बटण कापत नाही.

सुमारे एक मीटर पक्का दोरा घ्यावा. तो बटणाच्या एका भोकातून घालून दुसऱ्यातून परत आणावा आणि दोन्ही टोकांना गाठ मारावी. चार भोकांचे बटण असेल तर समोरासमोरची, तिरपी भोके निवडावीत, शेजारशेजारची घेतली तर बटण थरथरत फिरते. दोऱ्याची दोन टोके दोन हातांच्या बोटांत अडकवून, बटण मध्ये आणून, पंधरा-वीस वेळा गोल झुलवावे म्हणजे दोऱ्याला पीळ बसतो. मग हात लांब ओढायचे आणि लगेच सैल सोडायचे. ओढले की पीळ उलगडतो आणि बटण वेगाने फिरते. सैल सोडले की फिरण्याच्या जोराने ते दोऱ्याला उलट्या बाजूने पुन्हा पीळ घालते. ही लय सापडली की भूं भूं आवाज सुरू होतो. बहुतेक मुले आधी सैल सोडायलाच विसरतात. ‘ओढ, सोड, ओढ, सोड’ असे शेजारी बसून म्हणावे लागते.

या खेळण्यातून विज्ञानाचे एक काम उभे राहिले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश, साद भामला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंगरी कशी फिरते याचा गणिती अभ्यास करून कागदाचे एक यंत्र बनवले आणि 2017 मध्ये ते जाहीर केले. हाताने फिरवून त्याचा वेग मिनिटाला 1,25,000 फेऱ्यांपर्यंत जातो. रक्ताच्या नमुन्यातला द्रव भाग दीड मिनिटात वेगळा होतो, आणि खर्च सुमारे 20 सेंट. वीज नसलेल्या गावात हिवतापाची तपासणी करता यावी हा त्यामागचा हेतू. मेळघाटातल्या मुलांना हे सांगितले तर त्यांना त्याचा अर्थ लगेच कळतो. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली असंख्य खेळणीही याच वाटेवरची आहेत.

फिरती भिंगरी केसांत अडकते आणि दोरा तुटला तर बटण उडते. म्हणून मुलींच्या वेण्या मागे, मुलांमध्ये हातभर अंतर, आणि दोरा झिजला की लगेच बदलायचा. पतंगाचा मांजा कधीही वापरू नये.

आणखी काही खेळ

दोऱ्यावरचे बटण हा खेळ दहा-बारा मुलांच्या गोलात बसून खेळतात. चारेक मीटर लांब दोऱ्यात एक मोठे बटण ओवून टोके बांधायची. सगळ्यांनी दोरा दोन्ही मुठींत धरायचा आणि गीत म्हणता म्हणता बटण मुठीखालून पुढे सरकवायचे. गीत थांबले की मध्ये बसलेल्याने बटण कुणाकडे ते ओळखायचे. मंडळीत नेहमी म्हटली जाणारी, नारायण वामन टिळकांची संथ चालीची गीते इथे फार उपयोगी नाहीत, टाळ्यांची बालगीते घ्यावीत. बटण दोऱ्यातच असल्यामुळे हरवण्याची भीती नाही, आणि बोलावे फारसे लागत नसल्यामुळे घरी कोरकू बोलणारी, मराठीत लाजणारी मुलेही चटकन मिसळतात.

उडते बटण सतरंजीवरच जमते, फरशीवर नाही. लहान बटणाच्या कडेवर मोठ्या बटणाने दाबून सोडले की लहान टुणकन उडते. ते वाटीत पाडायचे. फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांनी खेळायचा काचापाणी हा खेळ बटणांनी जास्त सुरक्षित होतो: वीस बटणे विखरून टाकायची आणि दुसऱ्याला धक्का न लावता एकेक बोटाने सरकवून बाहेर काढायचे. अष्टचंगाच्या पंचवीस घरांच्या पटावर सोंगट्या म्हणून बटणे छान चालतात. दान मात्र चिंचोक्यांनीच टाकावे, कारण बहुतेक बटणे एकाच अंगावर जास्त पडतात. काही मंडळींत दान टाकण्याचा खेळ जुगारासारखा वाटतो म्हणून वडीलधाऱ्यांना रुचत नाही. पाळकसाहेबांना आधी विचारलेले बरे. सागरगोट्यांसाठी बटणे घेऊ नयेत. ती चपटी आणि हलकी असल्यामुळे झेलता येत नाहीत आणि मुले वैतागतात.

चिकटवणे आणि शिवणे

चिकटकामात वऱ्हाडाचे चित्र घ्यावे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर तपकिरी खडूने पऱ्हाटीचे झाड काढून फांद्यांच्या टोकांना पांढरी बटणे लावली की बोंडे फुटलेला कापूस होतो. नारिंगी बटणे असली तर वरुड-मोर्शीची संत्री. चर्चमध्ये कापणीचा सण होतो तेव्हा असे फलक भिंतीवर लावता येतात. नाताळला हिरव्या बटणांची झाडे आणि चांदण्यांची शुभेच्छापत्रे नेहमीचीच.

पांढरा फेविकॉल पुठ्ठ्याला चांगला धरतो, पण गुळगुळीत प्लॅस्टिकवरून काही दिवसांनी सुटतो आणि बटण गळून पडते. ते नेमके घरी, लहान भावंडापुढे पडते. म्हणून घरी न्यायच्या वस्तूवर बटण पुठ्ठ्यातून दोन टाके घालून पक्के करावे. झटपट चिकटणारे फेविक्विक मुलांच्या हाती देऊ नये, बोटे आणि पापण्या चिकटतात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा शिबिर सकाळीच उरकतात. कूलरसमोर कागदी कलाकुसर उडत राहते. बटणे उडत नाहीत, हाही त्यांचा एक गुण.

पण सगळ्या हस्तकलेत कामाचे म्हणजे खरे बटण खऱ्या शर्टाला लावणे. प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथाची गोष्ट आहे. ती गेली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत तिने शिवून दिलेले कपडे दाखवत उभ्या होत्या. ती गोष्ट सांगून झाली की मुलांना आपापला बटण तुटलेला गणवेश काढायला सांगावे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे शिबिरानंतरही हाताशी वेळ असतो. शिवणकाम मुलींचे असा समज इथेच मोडता येतो. वर्गात मुलगे बहुधा जास्त चिकाटीने बसतात, कारण त्यांच्या शर्टाची बटणे जास्त तुटलेली असतात.

दुहेरी दोरा हातभर घ्यावा, त्याहून लांब घेतला की गुंततो. काजाच्या बरोबर समोर खडूने खूण करावी. सुई खालून वर काढून बटणात घालावी आणि बटणाच्या वर एक काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घ्यावेत, प्रत्येक जोडीला तीन-चार. मग काडी काढून बटण वर ओढावे. खाली जी सैल जागा उरते तिच्याभोवती दोरा तीनदा गुंडाळून, मागे नेऊन गाठ मारावी. ही काडीची युक्ती केली नाही तर बटण कापडाला घट्ट चिकटते आणि काजात नीट बसत नाही. शर्टाची बाकीची बटणे फुलीने शिवली आहेत की दोन समांतर रेघांनी ते पाहून तसेच टाके घ्यावेत. बऱ्याच तयार शर्टांच्या आतल्या शिवणीला जादा बटण लावलेले असते, ते मुलांना दाखवले की फार नवल वाटते.

सुया एका लोकरीच्या तुकड्याला टोचून, संख्या फळ्यावर लिहून मग वाटाव्यात.

वर्ग चालवताना

वर्गात कायम दोन मोठी माणसे असावीत, एक शिकवायला आणि दुसरे कडेवरच्या मुलांकडे, दाराकडे आणि मोजणीकडे बघायला. हे बटणांसाठी आहेच, मुलांच्या एकूण सुरक्षेसाठीही आहे. मुलांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक भिंतीवर लावलेला असावा. शेजारची, दुसऱ्या धर्माची मुलेही खेळांच्या ओढीने येतात. त्यांच्या आई-वडिलांना, इथे बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या जातात हे आधी स्पष्ट सांगून त्यांची परवानगी घ्यावी. खेळाचे आमिष दाखवून मूल बसवले आणि गोष्ट नंतर निघाली, असे होऊ नये.

तासाभरात एक गोष्ट, एक खेळ आणि एक हस्तकला एवढेच होते. जास्त ठरवले तर शेवटची मोजणी घाईत होते, आणि घाईतच एखादे बटण राहते. मोजणी प्रार्थनेच्या आधी घ्यावी, नंतर नाही. ‘आमेन’ झाले की मुले चपला शोधायला पळतात.

एक कमी भरले तर कुणी उठायचे नाही. आधी खिसे, मग मुठी, मग बसलेल्याच्या मांडीखाली, मग फ्रॉकच्या घेरात. कडेवरच्या मुलाचे तोंड उघडून बघावे. तरीही नाही मिळाले तर मुलांना ओट्यावर उभे करून दोघांनी सतरंजीची चार टोके धरावीत, ती उलटी करावी आणि अंगणात नाही, खोलीतच झटकावी, म्हणजे बटण फरशीवर पडलेले ऐकू येते.